मुदखेडचा मोगरा, हैदराबादची संध्याकाळ

मोगऱ्याच्या मळ्यात मोगरा फुललेला दिसत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण मुदखेडच्या शिवारात चैत्रातल्या कोणत्याही सकाळी आठ वाजता जाऊन बघावं. हिरवीगार, कमरेएवढी झुडपं, सरीतून नुकतंच दिलेलं पाणी, बांधावर कडुनिंब, आणि फूल एकही नाही. असलंच तर पानाआड राहून गेलेलं, काल संध्याकाळी उमललेलं आणि आता कडेनं तांबूस पडू लागलेलं. पुण्यामुंबईचे पाहुणे 'फुलांचं गाव' बघायला हौसेनं येतात आणि हिरमुसतात. मोगरा विकायचा असेल तर तो उमलू द्यायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कळी पहाटे तोडायची, मिटलेलीच पोचवायची. ती उमलणार संध्याकाळी, आणि तेही इथे नाही. सुमारे अडीचशे किलोमीटरवर, हैदराबादेत, कुणाच्या तरी वेणीत.

नांदेडहून रेल्वेनं हैदराबादकडे निघालं की पहिलं मोठं स्टेशन मुदखेड. इथून एक फाटा किनवटमार्गे आदिलाबादला जातो, म्हणून जंक्शन. बाहेरच्यांना गाव दोन गोष्टींसाठी माहीत असतं: केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि फुलं. गुलाब, मोगरा, काकडा, गलांडा, निशिगंध, झेंडू. शेजारचं अर्धापूर केळीचं, मुदखेड फुलांचं, अशी आमच्याकडे सरळ वाटणी आहे.

वसंतातला बागेतला दिवस म्हटलं की मराठी ललित लेखनात एक चित्र ठरलेलं असतं. अंगणात खुर्ची, हातात चहा, झारीनं पाणी, कोकिळा. चित्र खोटं नाही, पण ते बागेचं आहे, मळ्याचं नाही. मराठीनं हे दोन शब्द वेगळे ठेवले यात शहाणपण आहे. 'बाग' फारसीतून आला आणि येताना सोबत सुलतान, सुभेदार, कारंजी घेऊन आला. 'मळा' इथलाच. बागेत जाऊन बसतात, मळ्यात जाऊन वाकतात. माळी मात्र दोन्हीकडे तोच. ज्या सावता माळ्याचं नाव घेतल्याशिवाय मराठीत या विषयावर लिहिताच येत नाही, त्या अरणच्या सावतोबांचाही मळाच होता. तो सोडून पंढरपूरला जाणं त्यांना झालं नाही, असं परंपरा सांगते. त्याचा अर्थ सगळे भक्तीच्या अंगानं लावतात. मला त्यात पाण्याची पाळीही दिसते.

मळ्यातला चैत्राचा दिवस पहाटे साडेतीन-चारला सुरू होतो. पूर्वी कंदील असायचा, मग बॅटरी आली, आता कपाळाला बांधायचा दिवा असतो. तोडणीला बहुतेक बायकाच. साडीच्या पदराची नाहीतर जुन्या ओढणीची कमरेला ओटी बांधायची आणि दोन ओळींच्या मधून पुढे सरकत जायचं. कुठली कळी आज घ्यायची आणि कुठली उद्यावर ठेवायची, हे अंधारात बोटांना कळावं लागतं. टपोरी, पांढरी झालेली, पण टोक घट्ट मिटलेलं, ती आजची. टोकाला हिरवट झाक असेल तर उद्याची. चुकून उद्याची कळी आज तोडली तर ती उमलत नाही, तशीच सुकते. आजची राहिली तर संध्याकाळी झाडावर उमलते आणि बाजाराच्या हिशेबानं मेली.

हिशेबाचंच निघालं आहे तर करून टाकू. मोगऱ्याची कळी साधारण पाव ग्रॅमची. म्हणजे किलोत चारेक हजार कळ्या, प्रत्येक वेगळी, हातानं, देठाशी चिमटून. मिनिटाला तीस-पस्तीस तोडणारी बाई चलाख म्हणायची. म्हणजे एका किलोला दोन तास. सूर्य वर यायच्या आत दोन किलो झाले तर हात चांगला चालला. मजुरी किलोवर असते, त्यामुळे हे गणित त्या बायकांना माझ्यापेक्षा पक्कं येतं. शाळकरी मुलीही या ओळींत असायच्या, अजूनही असतात. माझ्या वर्गातल्या दोघी-तिघी पहिल्या तासाला पेंगायच्या आणि त्यांच्या बोटांना वास यायचा. तेव्हा आम्हाला त्याचा हेवा वाटायचा.

सुखं असतात या दिवसात, नसतात असं नाही. सात-साडेसातला ओट्या रिकाम्या झाल्यावर बांधावर बसून भाकरी, ठेचा, या दिवसांत कैरीची फोड. विहिरीवरच्या मोटरच्या धारेखाली पाय धुणं. गावातल्या प्रत्येक घराची बित्तंबातमी याच अर्ध्या तासात इकडून तिकडे होते. आणि एक छोटा हक्क असतो, कुणी लिहून दिलेला नाही पण मोडतही नाही: काल राहून गेलेली, उमललेली फुलं तोडणाऱ्या बाईची. ती बाजारात चालत नाहीत म्हणून तिनं न्यायची. मुदखेडच्या बायकांच्या केसांत जो मोगरा दिसतो तो बहुतेक असा, एक दिवस शिळा आणि नजरेतून सुटलेला.

मग टोपल्या, ओलं फडकं, केळीची पानं, वजन, चिठ्ठी आणि स्टेशन. सकाळी गाडी मिळाली तर दुपारपर्यंत माल हैदराबादेत. चुकली तर टेम्पो करायचा आणि भाड्यात नफा घालवायचा.

हा दिवस अनादी काळापासून असाच आहे असं वाटतं, कारण त्यात माती आहे, पहाट आहे, बायका आहेत, फूल आहे. आपल्याकडे ज्या गोष्टीत एवढं सगळं असतं तिला आपण आपसूक 'परंपरा' म्हणतो. पण या दिवसाचा एकेक भाग वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेला आहे.

सुरुवात फुलांपासूनच करू. देवाच्या हारात सर्रास दिसणारा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. गलांडा अमेरिका खंडातला, आणि त्याचं नाव तर एका फ्रेंच न्यायाधीशाचं आहे. गेयार नावाचे हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते होते, त्यांच्यावरून 'गेलार्डिया' झालं आणि मराठी जिभेनं त्याला गलांडा करून पार गावरान बनवून टाकलं. कोलंबसानंतर, युरोपी जहाजांबरोबर आलेली ही मंडळी. म्हणजे आमच्या मारुतीच्या गळ्यातला अर्धा हार पाचशे वर्षांपूर्वी शक्यच नव्हता. त्या हारातला अस्सल इथला गडी मोगरा. संस्कृतात मल्लिका, आणि त्याच्याच एका जातीला मुद्गर, त्यावरून मोगर, मोगरा. मुद्गर आणि मुदखेड यांची गाठ घालण्याचा मोह आमच्या गावातल्या प्रत्येक हौशी इतिहासकाराला एकदा तरी होतो. ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती झाली असं नाही, एवढं बोलून पुढे जाऊ.

गोदावरीकाठच्या वसंताची सगळ्यात जुनी नोंद आमच्याच नदीवर, पण वरच्या अंगाला, पैठणच्या परिसरात झाली. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि तिच्यात गोदावरी 'गोला' या लाडक्या नावानं पुन्हा पुन्हा येते. स. आ. जोगळेकरांनी तिची मराठी आवृत्ती १९५६ साली काढली. मला हा ग्रंथ आवडतो तो त्यातल्या शृंगारापेक्षा त्यातल्या शेतांमुळे. तिथे कापसाचं शेत आहे, तागाचं आहे, मोहाची फुलं वेचणारी बाई आहे, फुलं विकणारी माळीण आहे. फाल्गुनातला चिखलफेकीचा उत्सव आहे. आंब्याचा मोहर आला की परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणं आहे. वसंत ही तिथे नुसती शोभा नाही. कोण घरी आहे, कोण नाही, आणि कुठलं पीक उभं आहे, यावर तिथली सुखदुःखं ठरतात. शेत कापलं गेलं की प्रेमिकांची भेटायची जागा गेली, हे दुःख ज्या कवींना सुचलं ते शेताकडे नीट बघणारे होते.

फुलांचा मळा मात्र एवढ्यानं उभा राहत नाही. घरापुरतं, देवापुरतं फूल परसात होतं. एकरभर फूल लावायचं तर ते विकत घेणारं शहर लागतं, आणि तशा शहराला दरबार नाहीतर देऊळ, शक्यतो दोन्ही लागतात. पुण्याचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडपाठ असायला हवं, पण त्याच्याकडे या बाजूनं कुणी बघत नाही. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. त्यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी पेशव्यांना फुलं पुरवली, त्याबद्दल पस्तीस एकर जमीन मिळाली, आणि धंद्यावरून आडनाव पडलं फुले. दरबाराला गजरे, हार, गाद्या-उशा लागत होत्या म्हणून एक शेतकरी कुटुंब फुलमाळी झालं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, आडनाव राहिलं.

आमचा दरबार हैदराबाद. निजामाच्या राज्यात जमिनीचे महसुली प्रकार होते: खुश्की, तरी आणि बागात. खुश्की म्हणजे कोरडवाहू, तरी म्हणजे भाताची पाणथळ, बागात म्हणजे विहिरीच्या पाण्यावर केलेली. मराठवाड्यात ज्वारी आणि कापसाची खुश्कीच जास्त. बागात म्हणजे विहीर, मोट आणि मोटेमागे दिवसभर फिरणारी बैलजोडी. कागदावर एका शब्दात ऊस, केळी, मिरची, फुलं सगळं मावत होतं. शब्द मात्र 'बाग' वरून आला, आणि राजधानीतही बागांचीच रेलचेल: जामबाग, बशीरबाग, रामबाग, बाग लिंगमपल्ली. यातल्या बहुतेक बागा केव्हाच इमारतींखाली गेल्या. जामबागेत राहिला तो फुलांचा बाजार. पुढे शहराचा मोठा फूलबाजार गुडीमल्कापूरला भरू लागला.

हैदराबादला फूल किती लागतं याची कल्पना नुसत्या लोकसंख्येवरून येत नाही. तिथे तेलुगू बायकांच्या केसांत रोज मल्ले हवा, म्हणजे मोगराच. मुसलमानांच्या लग्नात नवरदेवाचा सेहरा, दर्ग्यावरची चादर, शबेबरातला कबरीवर फुलं. मारवाडी लग्नं वेगळी, देवळं वेगळी. सरोजिनी नायडूंनी १९१२ च्या संग्रहात हैदराबादच्या बाजारावर एक इंग्रजी कविता लिहिली आहे. तिचा शेवट फुलवाल्या मुलींवर होतो, ज्या नवरदेवासाठीही गुंफतात आणि मेलेल्यासाठीही. बाजाराचं इतकं नेमकं वर्णन एखाद्या अर्थशास्त्रज्ञालाही जमलं नसतं. लग्न आणि मौत, दोन्ही बाजूंना मागणी, म्हणून हा बाजार मंदीत जात नाही असं आमच्याकडचे जुने लोक म्हणायचे. म्हणायचे, असं मुद्दाम लिहितो आहे. त्याकडे येतोच.

कळीचं नावही प्रवासात बदलतं. मुदखेडला मोगरा चढतो, पलीकडे मल्ले उतरतो, आणि चारमिनारच्या गल्लीत गेला की मोतिया होतो.

पण मुदखेड ते हैदराबाद हे अंतर पहाट ते संध्याकाळ एवढ्या वेळात कापणारं काहीतरी हवं. बैलगाडीनं कळी पोचत नाही. ते काम रेल्वेनं केलं. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे, मीटरगेज, १९०० च्या आसपास सुरू झाली. म्हणजे ज्या काळात मराठवाडा छप्पनच्या दुष्काळात होरपळत होता, त्याच काळात हे रूळ पडले. ते फुलांसाठी पडले नव्हते. कापूस बाहेर नेणं, धान्य आत आणणं, लष्कर हलवणं आणि हैदराबादला मुंबईकडच्या लाइनीशी जोडणं ही कारणं. पण रूळ एकदा पडले की त्यांच्यावरून काय जाईल हे बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. माझ्या धंद्यात, सॉफ्टवेअरमध्ये, हे आम्ही रोज बघतो: ज्यासाठी बनवलं ते बाजूला राहतं आणि लोक भलत्याच कामाला वापरतात. गाडीच्या सामानाच्या डब्यात, कापसाच्या गाठींच्या मानानं नगण्य अशी ओली टोपली ठेवायला जागा होती, तेवढी फुलांना पुरली.

त्यानंतर या प्रदेशाचे नकाशे किती वेळा बदलले ते बघा. १९३० मध्ये ही रेल्वे निजाम सरकारनं विकत घेतली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे भाषावार तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. १९६० मध्ये महाराष्ट्र. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे, सिकंदराबादेत मुख्यालय. २०१४ मध्ये तेलंगण. मधल्या काळात आमचं सरकारी तोंड मुंबईकडे वळलं, कोर्ट औरंगाबादकडे, माझ्यासारख्यांचं नोकरीसाठी पुण्याकडे. मोगऱ्याचं तोंड हललं नाही. भाषावार प्रांतरचनेवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे, पण त्या रेषेची पर्वा न करता रोज तिच्यावरून जाणाऱ्या टोपलीबद्दल मी काही वाचलेलं नाही. आजही मुदखेडचा माळी दर विचारतो तो हैदराबादचा. अडत्याशी बोलताना तो मराठी, दखनी आणि तेलुगू आकडे एकाच वाक्यात वापरतो, आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही.

पाण्याची गोष्ट थोडक्यात. मोटेच्या पाण्यावर मोगरा गुंठ्यांत होता. विजेची मोटर आली, मग इसापूर धरणाचा कालवा अर्धापूर-मुदखेडच्या शिवारात फिरला, तेव्हा विहिरींना पाझर वाढला आणि फूल एकरांत गेलं. मोगऱ्याला पाणी फार लागत नाही, पण वेळेवर लागतं. पावसाळा संपला की पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची. थंडीत छाटणी, बुडाशी शेणखत, मग पाणी. नवी फूट आली की तिच्या टोकाला फाल्गुनात कळी. म्हणजे वसंत हा इथे नुसता येत नाही, तो दोन-तीन महिने आधी झाडाला उपाशी ठेवून आणला जातो. आणि नेमका लग्नसराईच्या तोंडावर आणला जातो.

आता २०२० चा चैत्र.

त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. आमच्याकडे पाडव्याला नुसती गुढी नसते. मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. कुणाकडे राहायचं, किती उचल, धान्य किती, हे सगळं त्या दिवशी पक्कं होतं. शेतीच्या हिशेबाचं वर्ष खऱ्या अर्थानं तेव्हा उलटतं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि रेल्वेनं प्रवासी गाड्या थांबवल्या. २३ ला महाराष्ट्रात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. तिकडे तेलंगणानंही दारं लावली. २४ च्या रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि पाडव्याचा सूर्य देशभरच्या टाळेबंदीवर उगवला. छाटणी, खत, ताण, सगळं वेळेवर झालेलं होतं. मोगरा भरात होता.

मी पुण्याहून आठवडाभर आधी घरी आलो होतो, लॅपटॉप घेऊन. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा दहा गुंठे मोगरा आहे, होता. पाडव्याच्या पहाटे त्या नेहमीसारख्या उठून मळ्यात गेल्या. माझी आई त्यांना म्हणाली, "गाडीच नाही तर कायला तोडायलात माय?" त्या म्हणाल्या, "तोडलं नाही तर पुढची कळी येत नाही. अळी पडतीय. झाडाला काय कळायलंय बंद हाय म्हणून?"

तीन दिवस त्यांनी आणि सुनेनं मिळून तोडलं. चार-पाच किलो कळी रोज, आणि ती उकिरड्यावर. भाजीच्या टेम्पोला पास मिळत होता, फूल जीवनावश्यक नव्हतं. मिळाला असता तरी घेणार कोण? देवळं बंद, दर्गे बंद, लग्नं पुढे ढकललेली. रामनवमी २ एप्रिलला गेली. शबेबरात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, कबरस्तानात जायला बंदी. अक्षय्यतृतीया, रमजान, सगळे सण मोगऱ्याच्या हंगामात ओळीनं आले आणि घरात बसून साजरे झाले. लग्न आणि मौत या दोन खांबांवर हा बाजार उभा आहे असं जुने लोक म्हणायचे. त्या वर्षी लग्नं झाली ती चार माणसांत, आणि माणसं गेली ती फुलांशिवाय. अत्तर काढा, असं शहरातल्या एका मित्रानं मला फोनवर सुचवलं. त्याला कनौजसारखी डेग-भपक्याची सोय लागते, जाणकार हात लागतात, आणि ते एका पंधरवड्यात उभं राहत नाही.

चौथ्या दिवशी काकूंनी तोडणं सोडलं.

आणि त्या संध्याकाळी मळा फुलला. सहा-साडेसहानंतर, ऊन उतरलं तसा, एका बाजूनं सुरू होऊन अर्ध्या तासात सगळा. नुसत्या काकूंचा नाही, त्या शिवारात जेवढ्यांनी तोडणं थांबवलं होतं त्या सगळ्यांचा. चांदणं नव्हतं, अमावास्या नुकतीच गेलेली, तरी झुडपं अंधारात वेगळी दिसत होती. वास स्टेशनच्या रस्त्यापर्यंत येत होता. नाक्यावरचे पोलीस मास्क खाली करून उभे होते. गल्लीतली पोरं बांधावर बसली, बायका आल्या, मीही गेलो. पंचविशीला आलेला, याच गावात वाढलेला, आणि मोगऱ्याचा फुललेला मळा पहिल्यांदा बघत होतो. काकूंच्या सासूबाई तर सत्तरीच्या पुढे. सून होऊन आल्यापासून याच मळ्यात तोडणी केलेली बाई. त्यांना धरून आणलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "असा दिसतो होय." थोड्या वेळानं, "किती किलो असंल हे?"

लोकांनी फोटो काढले. टाळेबंदीत निसर्ग कसा परत आला याची छायाचित्रं तेव्हा सगळीकडे फिरत होती: स्वच्छ नद्या, रस्त्यावर मोर, जालंधरहून दिसणारे हिमालय. त्यांत आमचा मळाही बसला असता. पण मळा हा निसर्ग नाही. त्याचं फुलणं म्हणजे उभ्या पिकाचं नुकसान होतं, आणि तिथे बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते माहीत होतं. मला ते तेव्हाही सुंदर वाटलं, आजही वाटतं. काकू दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी मळ्याकडे गेल्या नाहीत.

तोडणीच्या बायकांचं काय झालं, ते कुठल्या छायाचित्रात येणारं नव्हतं. सालगड्याचं निदान साल असतं, उचल असते. किलोवर काम करणाऱ्या बाईचं पाडव्याला काही ठरत नाही, त्यामुळे मोडतही नाही. रेशनचा तांदूळ मिळाला. काही जणी हळद काढणीच्या कामाला गेल्या, जिथे गावाबाहेर जाऊ दिलं तिथे. मोगऱ्याच्या तीन महिन्यांत जे साठायचं, आणि ज्यावर पुढे शाळेची वह्या-पुस्तकं व्हायची, ते त्या वर्षी नव्हतं. शाळाही नव्हती, हे खरं.

मे संपता संपता काही मळे उपटले गेले. काकूंचाही. बारा वर्षांची झाडं, मनगटाएवढी खोडं. ट्रॅक्टरनं ओढून काढली, बांधावर वाळू दिली, जळण झालं. त्या जागी जूनमध्ये हळदीचं बेणं लावलं. नांदेड-हिंगोलीचा पट्टा तसाही हळदीचा आहे, वसमतचा बाजार जवळ आहे, आणि हळद शिजवून वाळवली की वर्ष-दीड वर्ष ठेवता येते. मोगरा एक दिवस राहत नाही. फरक एवढाच, पण त्या उन्हाळ्यात तो सगळ्यांना नव्यानं दिसला.

सगळे मळे गेले नाहीत. ज्यांच्याकडे एकरा-दोन एकरांत केळी किंवा ऊस होता त्यांनी मोगऱ्याला नुसतं पाणी देत ठेवलं, आणि पुढच्या वर्षी गाड्या हळूहळू सुरू झाल्यावर त्यांना भाव बरा मिळाला, कारण माल कमी होता. ज्यांच्याकडे फक्त दहा-पंधरा गुंठे मोगराच होता त्यांना थांबता आलं नाही. धंद्यात टिकून राहण्याचा संबंध कौशल्याशी असतो असं मानायला मला आवडलं असतं. काकूंइतका चांगला मोगरा त्या शिवारात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पुन्हा लावायचं तर मोगरा बियाण्यानं होत नाही. पावसाळ्यात छाट कलमं किंवा दाब कलमं करावी लागतात, ती जुन्या झाडावरूनच, आणि पदरात पडेल इतकी कळी यायला दोन-तीन वर्षं जातात. ज्यांनी उपटलं त्यांच्यातल्या काहींनी २०२१ च्या आषाढात शेजाऱ्यांकडून, नातेवाइकांच्या परसातल्या झुडपांवरून कलमं आणली. ते मळे आता भरात आहेत. स्टेशनवर सकाळी टोपल्यांच्या जागी जास्त करून प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलचे डबे दिसतात, बराचसा माल टेम्पोनं जातो, दर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो. लग्नाच्या हॉलवर कापडी आणि प्लास्टिकची फुलं वाढली आहेत, त्याची तक्रार अडते करतात. केसांतल्या गजऱ्याला मात्र अजून तोड निघालेली नाही, त्यामुळे मोगऱ्याची कळी चालते आहे.

काकूंनी हळदच ठेवली. कलमं देतो म्हणून दोघे-तिघे घरी येऊन गेले. भाव पडला तर हळदीचं पोतं घरात राहतं, एवढंच त्या म्हणतात.